पानाखालची सही

फ्लेक्स छापून आला तो शनिवारी संध्याकाळी, आणि कॉलेजचं पत्रही शनिवारी संध्याकाळीच आलं. फ्लेक्स दहा बाय सहाचा होता, पत्र चार ओळींचं. रविवारी दुपारी दौंडच्या रणपिस्यांच्या घरात माणसं जमली तेव्हा फ्लेक्स गुंडाळी करून दाराआड उभा होता आणि पत्र टीव्हीखाली ठेवलेलं होतं. येणारा प्रत्येक जण आधी फ्लेक्सकडे बघायचा, मग पत्राकडे, आणि प्राचीकडे बघायचं मात्र टाळायचा.

फ्लेक्स सतीशकाकानं स्वतः जवळ बसून करवून घेतला होता. पंचायत समितीत कारकुनी करता करता त्याला एक गोष्ट पक्की पटली होती की माणसाचं काम कितीही मोठं असो, ते रस्त्यावरून दिसलं पाहिजे. 'कु. प्राची विनोद रणपिसे, एम.एस्सी. संगणकशास्त्र. विद्यापीठाच्या संशोधन स्पर्धेसाठी प्रकल्पाची निवड.' मधोमध पुतणीचा फोटो, वर तथागत आणि बाबासाहेब, खाली शुभेच्छुकांमध्ये स्वतःचा फोटो, इतरांपेक्षा जरा मोठाच. जयंती अजून नऊ दिवसांवर होती. जयंतीच्या स्टेजवर प्राचीचा सत्कार ठरला होता आणि वॉर्डात तो सगळ्यांना तोंडपाठ झाला होता, कारण सतीशनं तो दारोदार जाऊन सांगितला होता.

"वाच परत," आबा म्हणाले.

आबा म्हणजे खंडू रणपिसे, प्राचीचे आजोबा, वय अठ्ठ्याहत्तर. रेल्वेच्या फाटकावर गेटमन म्हणून त्यांनी एकतीस वर्षं काढली. स्टेशनातून फोन यायचा, गाडी सांगितली जायची, सोबत एक आकडा दिला जायचा. आबांनी तो मोठ्यानं परत म्हणायचा, वेळ टाकून रजिस्टरात लिहायचा, मगच फाटकाला हात लावायचा. नोकरी सुटून अठरा वर्षं झाली, सवय सुटली नाही. अजूनही घरात कुणाचा फोन आला की आबा ऐकलेलं सगळं परत म्हणून दाखवत आणि शेवटी वेळ विचारत. नातवंडं हसायची आणि आबा त्यांना हसू द्यायचे.

प्राचीनं पत्र वाचलं. "'आपल्या प्रकल्प अहवालातील मजकूर मोठ्या प्रमाणात यंत्रनिर्मित असल्याचे संगणकीय तपासणीत दिसून आले आहे. प्रमाण एकाहत्तर टक्के. मंगळवारी सकाळी अकरा वाजता समितीपुढे पुराव्यासह हजर राहावे, अन्यथा प्रकल्प रद्द समजण्यात येईल.'"

"एकाहत्तर टक्के. मंगळवार. अकरा," आबा म्हणाले. "रद्द झाला तर?"

"वर्ष जातं, आबा. स्पर्धा तर जातेच."

"आन् नाव?"

प्राचीनं पत्राची घडी केली.

त्यातली खोच अशी की तिचा प्रकल्पच चॅटबॉटवर होता. कॉलेजची मुलं हे चॅटबॉट अभ्यासाला कसे वापरतात, ते त्यांना वापरायला सोपे जातात का, कुठं अडतात, अडल्यावर काय करतात. न्हावऱ्याला आत्याकडे राहून, तिथून एसटीनं शिरूरला जाऊन तिनं दोन वर्षं शिक्षण घेतलं होतं. त्यातले सात महिने ती एकेका विद्यार्थ्याशेजारी घड्याळ लावून बसली होती. बेचाळीस विद्यार्थी. प्रत्येकानं काय टाईप केलं, किती सेकंद थांबला, कुठं कंटाळून फोन खाली ठेवला, सगळं तिनं हातानं लाँगबुकात लिहिलं होतं. तीन लाँगबुकं भरली होती. आणि तिलाच म्हणे हे यंत्रानं लिहून दिलं.

"मी आमच्या साहेबांना फोन लावतो," सतीश म्हणाला. "प्राचार्यांच्या वळखीचे हायत. दोन मिनिटांचं काम."

"नको, काका."

"अगं, नको काय? तू वापरलंच नाहीस ते यंत्र, तर भ्यायचं कशाला? ठणकावून सांगायचं, मी हातसुदिक लावला न्हाई."

तेवढ्यात आत्याची ऋतिका, बी.ए.च्या पहिल्या वर्षाची, चांगल्या मनाची आणि जिभेवर कुलूप नसलेली, म्हणाली, "पण मामा, ताईनं वापरला व्हता की. इंग्रजी नीट करायला. मीच शेजारी बसले व्हते."

भाग्यश्रीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. प्राचीची आई अंगणवाडीत सेविका होती. पोरांची वजनं ॲपमध्ये भरता भरता तिनं फोनला इतक्यांदा शिव्या दिल्या होत्या की फोनवर आणि त्यातल्या कुठल्याही वस्तूवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. आपली पोर मात्र त्या फोनमधून काहीतरी मोठं काढते आहे, याचा तिला मनातून फार गर्व होता. तो एका क्षणात खाली बसला.

"खरंय?" तिनं विचारलं.

"खरंय, मम्मी. दुसरं आणि पाचवं प्रकरण. लिहिलं मीच. माझं इंग्रजी मोडकं होतं, म्हणून ते त्याच्याकडून दुरुस्त करून घेतलं. कधी, किती वाजता, काय दुरुस्त केलं, त्याचीही नोंद आहे. तिसऱ्या वहीत शेवटची अकरा पानं."

"मग पत्रात चूक काय हाय?" चांगुणाआत्या म्हणाली. ती विनोदची थोरली बहीण, न्हावऱ्याला अर्धा एकर कांदा आणि दोन म्हशी एकटीच्या जिवावर सांभाळणारी. तिला सरळ प्रश्न विचारायची खोड होती. ऐन काढणी सोडून ती आली होती.

"चूक अशी की मजकूर माझा आहे, आत्या. भाषा धुऊन घेतली. आणि अहवालात तसं लिहायला जागा नव्हती, कुणी विचारलंही नव्हतं. म्हणून लिहिलं नाही. तेवढं माझं चुकलं."

सतीश उठून येरझारा घालायला लागला. वहीतली ती अकरा पानं त्यानं काढून बघितली, मग मागची पानं चाळली, आणि त्याचा चेहरा आणखी उतरला. प्रत्येक पानाखाली डाव्या बाजूला 'डन बाय: प्राची' आणि उजव्या बाजूला 'चेक्ड बाय: वि. खं. र.'

"हे काय? दादाच्या सह्या?"

"मी रविवारी घरी आले की पप्पा तपासायचे."

"तपासायचे? प्रत्येक पान?" सतीशनं कपाळाला हात लावला. "अगं, त्यांना आयतंच दिलंस तू हातात. आधी यंत्र, आता बाप. समिती म्हणणार, ही सगळी वही बापानंच करून दिली, पोरगी नुसती उभी व्हती."

हे मात्र खरं होतं, आणि ते सगळ्यांना एकदमच उमगलं.

मग सतीशनं तोडगा काढला. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यानं तीन कोरी लाँगबुकं आणली. वह्या फेअर करायच्या. दादाच्या सह्या नकोत, शेवटची अकरा पानं नकोत. प्राचीनं एक घ्यायची, वहिनीनं एक, ऋतिकाचं अक्षर प्राचीसारखंच आहे, तिनं एक. मंगळवारपर्यंत आरामात होतं.

"त्यात खोटं कुठं हाय?" तो म्हणाला. "हायच तेच उतरायचं."

भाग्यश्रीला ते पटलं. तिला त्या घडीला पोरीचं वर्ष वाचवायचं होतं, बाकी सगळं नंतर. चांगुणाआत्याही म्हणाली की कांदा पाखडून विकायला नेतोच की आपण, मातीसकट कुठं नेतो. प्राचीनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. शनिवारपासून तिनं धड जेवण केलं नव्हतं आणि कुणीतरी आपल्याऐवजी ठरवतंय याचं तिला बरं वाटत होतं. त्याची तिला लाजही वाटत होती. तिनं पेन घेतलं.

पहिली शिफ्ट संपवून विनोद कुरकुंभहून चार वाजता घरी आला तेव्हा चार बायका जमिनीवर बसून लिहीत होत्या. चार म्हणजे चांगुणाआत्यासुद्धा. ती रेघा मारून देत होती. आबा मात्र भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते, आणि आबा असे डोळे मिटून बसले की त्यांना काहीतरी पसंत नाही, हे विनोदला लहानपणापासून माहीत होतं.

त्यानं हात-पाय धुतले. सतीशनं सगळं सांगितलं, जरा घाईनं. विनोद ऐकत चष्मा पुसत राहिला. मग त्यानं ऋतिकाच्या पुढ्यातली नवी वही उचलली.

"हिच्यावर तारीख कुठली टाकणार?"

"तवाचीच," सतीश म्हणाला. "मूळ वहीत हाय ती."

"म्हंजी आज एप्रिलात बसून ऑक्टोबराची तारीख टाकणार."

"दादा, मजकूर तोच हाय ना."

विनोद खाली बसला. तो कुरकुंभच्या एका औषध कंपनीत बावीस वर्षं ऑपरेटर होता. "आमच्याकडं एक जण व्हता. माझ्यापरीस हुशार. त्याच्या बॅचच्या शीटवर चहा सांडला. त्यानं नवी शीट घेतली, एक आकडा न बदलता सगळं उतरून काढलं आन् जुनी फाडून टाकली. सगळं खरं लिहिलं व्हतं त्यानं. तरी त्याला घरी बसवलं. चहा सांडलेली शीट चालती, सतीश. फाडलेली चालत न्हाई."

"ती कंपनी हाय, दादा. हे कॉलेज हाय."

"औषध खाणाराला काय ठावं, शीट कोण बघतंय? तरी आम्ही लिवतोच ना?"

"अहो, पण तुमच्या सहीनंच पोर अडकतीय," भाग्यश्री म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "कुणी सांगितलं व्हतं तुम्हाला पानापानावर सह्या करायला? मास्तर हाय का तुम्ही?"

हा घाव बसला. कारण कुणी सांगितलं नव्हतं, हे खरंच होतं. कंपनीत बावीस वर्षं त्यानं 'डन बाय'च्या रकान्यात सही केली होती. 'चेक्ड बाय'चा रकाना सुपरवायझरचा. विनोदनं तापमान लिहायचं, दाब लिहायचा, आणि त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान पोरानं येऊन ते तपासून सही ठोकायची. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती, पद्धतच तशी होती. पण प्राचीनं पहिली वही आणली आणि त्यानं सहज म्हणून तिला रकाने आखून दिले, चुकलं तर गिरवायचं नाही, एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख, हे शिकवलं, तेव्हा उजवीकडचा रकाना कुणाचा असा प्रश्न आला. आणि त्यानं चष्मा लावून तिथं आपली सही केली. रविवारचा नाश्ता झाला की तो दोन-दोन तास वही तपासत बसायचा. त्या दोन तासांत तो जितका सुखी असायचा तितका आठवड्यात दुसऱ्या कुठल्याही वेळी नसायचा. हे त्यानं भाग्यश्रीलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. आता त्याला वाटलं, आपल्या हौसेपायी पोरीचं वर्ष गेलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "पण ती सही हाय. आता ती न्हाई असं करता यायचं न्हाई."

चांगुणाआत्यानं हातातली पट्टी खाली ठेवली. "विन्या बराबर बोलतोय," ती म्हणाली. "मी आपली कांद्याचं बोलले. कांदा पाखडला तरी कांदाच राहतोय. ही वही दुसरीच वही झाली."

"आक्का, तू पण?" सतीश म्हणाला.

"मी पण."

आता भाग्यश्री आणि सतीश एका बाजूला, विनोद आणि आत्या दुसऱ्या, आणि सगळे प्राचीकडे बघायला लागले. आबांनीही डोळे उघडले होते. प्राचीनं आपल्या पुढ्यातल्या नव्या वहीकडे पाहिलं. दीड पान झालं होतं. अक्षर सुंदर आलं होतं, मूळ वहीपेक्षा कितीतरी सुंदर, एकही खाडाखोड नाही. आपलंच पान आपल्याला ओळखू येत नाही असं तिला वाटलं. तिनं त्या दीड पानावर एक आडवी रेघ मारली, शेजारी सही केली, आजची तारीख टाकली.

"पप्पा, तुमच्याकडं चूक झाली तर काय करतात? कुणी पकडायच्या आधी?"

"डेव्हिएशन लिवतो. काय झालं, कवा झालं, कुणामुळं झालं, माल बिघडला का. ऑडिटरनं पकडायच्या आधी आपण लिवायचं. त्यानं पकडलं तर ती चोरी, आपण लिवलं तर ते काम."

"मग रकाने सांगा."

विनोदनं सांगितले. प्राचीनं त्याच नव्या वहीचं पुढचं पान उलटलं आणि लिहायला घेतलं. भाग्यश्री उठून आत गेली, आणि बराच वेळ आतून फक्त भांड्यांचा आवाज आला. मग ती चहा घेऊन आली आणि तिनं पहिला कप नवऱ्यापुढे ठेवला. सतीशनं मात्र चहा घेतला नाही. तो फ्लेक्स खांद्यावर टाकून निघाला.

"कुठं नेतोस रं ते?" आबांनी विचारलं.

"घरी. लागला तर लागला."

"इथं ठेव," आबा म्हणाले. "मंगळवारी अकरा. त्यानंतर बघू."

सतीशनं तो पुन्हा दाराआड उभा केला.

*

मंगळवारी विनोदनं शिफ्ट बदलून घेतली. बाईकवर दोघं न्हावऱ्यात दोन मिनिटं थांबली. आत्यानं प्राचीला ताकाचा तांब्या दिला आणि ती पिईपर्यंत हलू दिलं नाही. साडेदहाला ती शिरूरच्या कॉलेजात होती. विनोद व्हरांड्यातल्या बाकावर बसला, इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर हेल्मेट.

समितीत तिघं होते. अध्यक्ष दसगुडे मॅडम, प्राचीचे गाईड, जे पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते, आणि लॅपटॉप उघडून बसलेले एक तरुण सर. मॅडमच्या पुढ्यात समितीची नोंदवही होती. त्यांनी निळ्या शाईनं आधीच एक ओळ लिहून ठेवली होती आणि प्राचीला ती उलटी असूनही वाचता आली: 'अहवाल यंत्रनिर्मित असल्याचे दिसते.'

"तुमचं म्हणणं?"

प्राचीनं आधी डेव्हिएशनचं पान पुढे ठेवलं. दुसऱ्या आणि पाचव्या प्रकरणाची इंग्रजी भाषा चॅटबॉटकडून दुरुस्त करून घेतली. त्यानं दोनशे बारा दुरुस्त्या सुचवल्या, त्यातल्या एकशे एकतीस घेतल्या, बाकीच्या अर्थ बदलत होता म्हणून सोडल्या. मूळ मसुदा सोबत जोडला आहे. अहवालात हे नमूद केलं नाही, ती चूक माझी.

तरुण सरांनी मान वर केली. हे त्यांना अपेक्षित नव्हतं. मुली नाही म्हणतात, रडतात, पालकांना पुढे करतात, याची त्यांना सवय होती.

"मग तुम्ही कबूलच करताय."

"भाषेचं कबूल करते, सर. कामाचं नाही. काम यात आहे." तिनं तिन्ही वह्या ठेवल्या.

मॅडमनी पहिली वही मधूनच उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. "'विद्यार्थी क्रमांक सात. चार शब्द टाईप केले. उत्तर मोठं आलं. वाचलं नाही, बोटानं सरळ खाली गेली, शेवटचा परिच्छेद वहीत उतरवला. विचारलं, चूक असेल तर? म्हणाली, असू दे. सरांना का विचारत नाहीस? म्हणाली, वर्गात विचारलं की मागचे हसतात. हे हसत नाही.'"

मॅडम थांबल्या. पुढचं पान त्यांनी मनात वाचलं, त्याच्या पुढचंही.

"असं किती जण म्हणाले?"

"बेचाळीसपैकी एकोणतीस, मॅडम. वेगवेगळ्या शब्दांत. मला आधी वाटलं होतं, मुलं आळसानं वापरतात. आळशी सहाच निघाली. बाकीच्यांना विचारायला दुसरं कुणी नव्हतं. आणि त्यांना तो नीट वापरताही येत नव्हता. एका मुलीच्या घरात फोन एकच आहे, भाऊ बघेल म्हणून ती प्रत्येक प्रश्न पुसून टाकते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून."

गाईडनी खिडकीबाहेर बघणं थांबवलं.

"हे पानही यंत्राकडून लिहून घेता येतं," तरुण सर म्हणाले, पण आता जरा हळू.

"येतं, सर. पण मग सगळी पानं चांगली आली असती. यातल्या नऊ बैठका वाया गेल्यात, पुन्हा घ्याव्या लागल्या. लाईट गेली, रेंज गेली, एकाला मध्येच एसटी आली. तेही लिहिलंय."

मॅडमचं बोट पानाच्या तळाशी थांबलं. "हे वि. खं. र. कोण?"

आलं, प्राचीच्या मनात आलं. मान तिनं ताठ ठेवली. "माझे वडील. बाहेर बसलेत."

विनोदला आत बोलावलं. तो खुर्चीवर बसला नाही.

"या सगळ्या सह्या तुमच्या?"

"व्हय, मॅडम."

"तुम्ही सुपरवायझर आहात का कुठं?"

"न्हाई. ऑपरेटर. तिथं माझ्या पानावर दुसऱ्याची सही असती. हिच्या पानावर माझी."

"आणि काय तपासत होता तुम्ही? तुम्हाला हा विषय कळतो?"

"विषय तिचा हाय. मी बघायचो, तारीख हाय का, वेळ हाय का, पान कोरं सोडलंय का, खाडाखोड केली तर खालचं वाचता येतंय का. लिवलंय ते बरोबर हाय अशी माझी सही न्हाई, मॅडम. लिवलंय ते त्याच येळंला लिवलंय, एवढीच सही हाय."

"मुलीच्या वहीवर बापाची सही. तुम्ही नाही कशाला म्हणणार?"

विनोदनं हात पुढे केला. "दोन नंबरची वही देता का? पान त्रेसष्ट."

त्रेसष्टाव्या पानावर उजवा रकाना रिकामा होता. त्यात विनोदच्या जाड अक्षरात लिहिलं होतं: 'वेळ नंतर आठवून टाकली. सही करत नाही.' मॅडमनी पान सरांकडे सरकवलं. प्राचीला तो रविवार आठवला. ती चिडली होती, चार मिनिटांचा तर फरक, म्हणाली होती, आणि पप्पांनी वही मिटून शांतपणे बाजूला ठेवली होती. त्या विद्यार्थ्याला शोधायला तिला पुन्हा दोन दिवस गेले होते. ते काम पान एकाहत्तरवर होतं, सहीसकट.

प्राचीनं वडिलांकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या टेबलापुढे ते तसेच उभे होते जसे रविवारी घरात असायचे, चष्मा नाकावर, घाई नाही. त्यांचा तिला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि ते तिनं पुसलेही नाहीत.

मॅडम सरांशी दोन वाक्यं बोलल्या, गाईडशी एक. मग प्राचीकडे वळल्या. "प्रकल्प मान्य. शेवटी एक पान जोडायचं, भाषेसाठी काय वापरलं, कुठं वापरलं. मूळ मसुदाही जोडायचा. स्पर्धेला नाव जाईल." मग विनोदला म्हणाल्या, "हे रकाने आम्हाला मिळतील का? पुढच्या वर्षीच्या मुलांना देता येतील."

"कंपनीचा फॉर्म देता येणार न्हाई, मॅडम. पण मी हातानं आखून देतो."

मॅडम पहिल्यांदा हसल्या. त्यांनी समितीची नोंदवही पुढे ओढली, त्या निळ्या ओळीकडे क्षणभर बघितलं आणि ड्रॉवरमधून व्हाइटनरची बाटली काढली.

"मॅडम," विनोद म्हणाला. बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. "त्याच्यानं नको."

प्राचीला वाटलं, झालं, सगळं घालवलं पप्पांनी. मॅडमनी बाटली हातात धरून विनोदकडे पाहिलं, मग पुढ्यातल्या लाँगबुकाकडे. बाटली त्यांनी परत ड्रॉवरमध्ये टाकली. पेन घेतलं, 'यंत्रनिर्मित असल्याचे दिसते' या शब्दांवर एक आडवी रेघ मारली, अशी की खालचं वाचता यावं. शेजारी सही केली, तारीख टाकली.

"आता बरोबर?"

"वेळ," विनोद म्हणाला.

मॅडमनी घड्याळ बघून वेळही टाकली.

*

व्हरांड्यात येऊन प्राचीनं घरी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. आबा फोनशेजारीच बसून असणार. मागून सतीशकाकाचा आवाज येत होता, काय झालं, काय झालं, आणि मम्मी त्याला गप्प करत होती.

"आबा, प्रकल्प मान्य झाला."

"प्रकल्प मान्य झाला," आबा म्हणाले.

"स्पर्धेला नाव जाणार."

"स्पर्धेला नाव जाणार. येळ?"

"बारा चाळीस."

पलीकडून 'बारा चाळीस' आलं नाही. प्राची वाट बघत राहिली. एकतीस वर्षांत आबांनी फाटकावर एकही आकडा परत म्हणायचा सोडला नव्हता, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती.

"आबा? ऐकू आलं नाही का?"

"आलं की," आबा म्हणाले. आवाज जड झाला होता. "परत एकदा सांग. पहिल्यापासून."